गाणं प्रदर्शित झालं, पुढे काय? स्वतंत्र संगीतकारासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही गाणी स्वतः लिहिता, घरीच रेकॉर्ड करता. वर्षभरात चार गाणी डिस्ट्रिब्यूटरमार्फत, म्हणजे गाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, सगळ्या स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मवर गेली. दर वेळी पहिल्या आठवड्यात ओळखीपाळखीतून चारपाचशे प्ले मिळतात आणि मग आलेख आडवा होतो. रोज एक रील टाकायचा नेम काही महिने पाळलात, आता उबग आलाय. अशातच एका 'म्युझिक प्रमोशन'वाल्याने दहा हजार प्लेची हमी देऊन पैसे मागितलेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: त्याला पैसे द्यावेत का, नाहीतर जाहिरातींवर खर्च करावा का, आणि डिस्ट्रिब्यूटर बदलून काही फरक पडेल का.

स्वतंत्र कलाकारांची रिलीज आखणं आणि त्यांच्या श्रोत्यांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळणं हे काम मी बरीच वर्षं करतोय. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको.

कारणं मात्र नीट समजून घ्या. प्लेच्या आकड्याची हमी प्रामाणिक माणूस देऊच शकत नाही, कारण कोणी काय ऐकावं हे त्याच्या हातात नसतं. हमी देणाऱ्याकडे बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम असतात, नाहीतर दिवसभर आवाज बंद करून वाजत ठेवलेले फोन. रिकाम्या सभागृहात टाळ्यांची रेकॉर्ड वाजवावी तसला हा प्रकार. त्यात पैसे गेले तर गेले म्हणून सोडूनही देता येत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायला एखाद्या गाण्यावर ढळढळीत बनावट स्ट्रीम सापडले, तर ते डिस्ट्रिब्यूटरकडून त्या गाण्यामागे दंड घेतं. डिस्ट्रिब्यूटर तो तुमच्या खात्यातून वळता करतो, किंवा गाणंच उतरवतो. दुसरं नुकसान जास्त चिवट असतं. शिफारस करणारी यंत्रणा 'हे गाणं ऐकणारे आणखी काय ऐकतात' यावर चालते. बॉटने तुमच्या शांत गाण्याच्या आधी आणि नंतर जगातलं काहीही वाजवलेलं असतं. मग यंत्रणा तुमचं गाणं भलत्याच लोकांपुढे नेते, ते दहा सेकंदांत पुढे ढकलतात आणि गाणं आणखी मागे पडतं.

कोणी तुम्हाला न विचारताच असल्या प्लेलिस्टमध्ये टाकलं असेल, तर ते ओळखता येतं. प्ले एकदम चढतात, पण सेव्ह (गाणं स्वतःच्या संग्रहात ठेवणं) आणि फॉलोअर जागचे हलत नाहीत. सगळे श्रोते एक-दोन अनोळखी शहरांतच दिसतात. प्लेलिस्ट उघडली तर एका गाण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि प्लॅटफॉर्मला आणि डिस्ट्रिब्यूटरला स्वतःहून कळवा. तुम्ही आधी कळवलेलं असलं की पुढची भानगड निस्तरणं सोपं जातं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. 'प्ले वाढत नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. मला तुमच्या वर्णनात वेगळीच गोष्ट दिसते. चार गाणी ऐकून गेलेल्या माणसांपैकी एकालाही तुम्ही पाचव्या गाण्याची खबर स्वतः देऊ शकत नाही. कोण आले, कुठून आले, कोणाला आवडलं, तुम्हाला काही माहीत नाही. दर गाण्याला तुम्ही शून्यापासून सुरुवात करताय. श्रोता दुसऱ्यांदा भेटेल अशी सोय तुमच्याकडे नाही, आणि जाहिरात, रील, प्लेलिस्ट या सगळ्यांचा उपयोग ती सोय झाल्यावरच होतो.

आधी आकडे वाचायला शिकू. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. दर स्ट्रीमला ठरलेला भाव नसतो. जमलेल्या एकूण रकमेतून तुमच्या स्ट्रीमच्या प्रमाणात हिस्सा मिळतो. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. म्हणजे तुमची चारही गाणी आज कदाचित उंबरठ्याबाहेरच असतील. यात रडण्यासारखं काही नाही. या टप्प्यावर स्ट्रीमिंग म्हणजे सापडण्याची जागा. कमाईची जागा ती नव्हे, एवढं मनाशी पक्कं केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

समजा एका गाण्याला ४०० श्रोते आणि ४४० प्ले आहेत, आणि दुसऱ्याला ९० श्रोते आणि ४५० प्ले. वरवर दोन्ही सारखीच. पण पहिलं गाणं लोकांनी एकदा ऐकलं आणि सोडलं. दुसऱ्याला ९० जणांनी सरासरी पाच वेळा ऐकलंय. मी दुसऱ्या गाण्याच्या मागे उभा राहीन, मग ते तुमचं स्वतःचं नावडतं असलं तरी. कलाकारांना आपलं कोणतं गाणं चांगलं याबद्दल ठाम मतं असतात आणि श्रोत्यांना त्यांची पर्वा नसते. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समध्ये (कलाकारांना आपले आकडे दाखवणाऱ्या स्पॉटिफायच्या सोयीत) जाऊन चारही गाण्यांचं हे गुणोत्तर काढा, सोबत शंभर श्रोत्यांमागे किती सेव्ह पडले ते पाहा. बाकीचे रंगीत आलेख वर्षातून एकदा पाहिले तरी चालतील.

श्रोता दुसऱ्यांदा भेटण्याची ती सोय म्हणजे श्रोत्यांच्या पत्त्यांची यादी, म्हणजेच मेलिंग लिस्ट. हे वाचून तुमचा हिरमोड झाला असेल, कारण ईमेल ऐकायला जुनाट वाटतं. पण जागा भाड्याची आणि माणसं आपली, हा फरक संगीताच्या व्यवसायात वारंवार दिसलाय. मायस्पेस या सोशल नेटवर्कवर एके काळी प्रत्येक बँडचं घर होतं. २०१९ मध्ये त्या कंपनीने सांगितलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं संगीत गेलं. ज्यांच्याकडे श्रोत्यांचे पत्ते होते त्यांनी दुसरीकडे गाणी चढवून कळवलं असेल. बाकीच्यांचा गोतावळाही गाण्यांबरोबर गेला.

आणि यादी हा इंटरनेटचा शोधही नव्हे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७१ मध्ये आपल्या रेकॉर्डच्या वेष्टनावरच चाहत्यांना आवाहन छापलं की तुम्ही कोण, कुठे, ते आम्हाला लिहून कळवा. त्यातून पोस्टाच्या पत्त्यांची प्रचंड यादी उभी राहिली. याच बँडने १९८४ पासून कार्यक्रमात टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून दिली, म्हणजे लोक रेकॉर्डिंग घरी नेतील आणि एकमेकांत वाटतील. ब्रिटिश बँड मॅरिलियनचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. १९९७ मध्ये अमेरिका दौऱ्याला पैसे नव्हते, तर त्यांच्या इंटरनेटवरच्या मेलिंग लिस्टमधल्या चाहत्यांनीच आपसांत सुमारे ६०,००० डॉलर जमवले. बँडने त्यातून धडा घेतला. पुढचा एक अल्बम रेकॉर्ड करण्याआधीच त्यांनी यादीतल्या लोकांना विचारलं, आगाऊ पैसे देऊन घ्याल का? सुमारे १२,००० जणांनी घेतला, आणि २००१ मध्ये तो निघाला. तेव्हा क्राउडफंडिंगची, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याची, एकही मोठी वेबसाइट नव्हती.

अमेरिकन गायिका अमांडा पामरची गोष्ट तर या विषयावरचं एक अख्खं व्याख्यान आहे, आणि ते तिने २०१३ मध्ये टेड या व्याख्यानमालेच्या मंचावर दिलंही. तिच्या बँडच्या एका अल्बमच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २५,००० प्रती खपल्या आणि रेकॉर्ड कंपनीने ते अपयश मानलं. नंतर कंपनी सोडून २०१२ मध्ये तिने किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर स्वतः मागणी केली, तेव्हा जवळपास १२ लाख डॉलर जमले. देणारे किती? सुमारे २५,०००. आकडा तोच. कंपनीच्या हिशोबात ती खपाची संख्या होती, आणि हिच्याकडे तीच माणसं होती, ज्यांच्याशी ती कार्यक्रमानंतर वर्षानुवर्षं थांबून बोलत आलेली. (पुढे त्या पैशांवरून आणि सोबतच्या वादकांच्या मानधनावरून तिच्यावर बरीच टीकाही झाली. लोकांचे पैसे घेतले की लोक हिशोबही विचारतात, हेही लक्षात ठेवावं.)

लेखक केविन केली यांनी २००८ मध्ये मांडलेलं गणित तुम्ही ऐकलं असेल: हजार सच्चे चाहते, प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर सुटले तर कलाकाराचं पोट चालतं. हजार हा आकडा लोक उचलतात आणि त्यातली अट विसरतात. ते पैसे थेट तुमच्या हातात यायला हवेत, मध्ये कोणी नको. थेट पोचण्याचा रस्ता नसेल तर दहा हजार चाहते असूनही गणित जुळत नाही.

आता यादी बनवायची कशी. 'माझ्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा' या वाक्यावर आजवर कोणी पत्ता दिलेला मी पाहिला नाही. बदल्यात काहीतरी हवं आणि ते दुसरीकडे मिळत नसलं पाहिजे. तुमच्याकडे ते आधीच पडून असेल: गाण्याचा पहिला कच्चा डेमो, गाळलेलं तिसरं कडवं, फक्त आवाज आणि गिटारचं रेकॉर्डिंग, कॉर्डसकट गाण्याचे शब्द. एक साधं पान बनवा, त्यात नाव आणि ईमेल एवढ्याच दोन चौकटी ठेवा. जन्मतारीख, आवडता रंग, काही नको. प्रत्येक प्रोफाइलवर लिंकची जागा असते तिथे हे पान लावा. आज तिथे सात प्लॅटफॉर्मच्या लिंकांचं जंगल असेल, ते काढा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पत्ते सर्वांत वेगाने जमतात. या पानाचा क्यूआर कोड शेवटच्या गाण्याच्या आधी दाखवायचा, शेवटचं गाणं झाल्यावर नाही, कारण शेवटच्या टाळीनंतर माणसं चपला शोधू लागतात. शेवटच्या आधी थांबा आणि सांगा, 'आज इथे जे वाजलं त्याचं रेकॉर्डिंग तीन दिवसांत पाठवतो, ज्यांना हवं त्यांनी आत्ता हा कोड स्कॅन करा.' मग खरोखर अर्धा मिनिट गप्प राहा. हे अर्धं मिनिट कलाकारांना फार जड जातं. ते घाईघाईने बोलत सुटतात आणि लोक फोन खिशात ठेवतात. साउंड सांभाळणाऱ्याला मिक्सरमधून रेकॉर्डिंग द्यायला आधीच सांगून ठेवा. आणि कागद-पेनही ठेवाच, नेटवर्क नसलेली सभागृहं भरपूर आहेत. कार्यक्रम संपल्यावर विंगेत जाऊ नका, दाराशी उभे राहा.

व्हॉट्सअॅपबद्दल सगळे विचारतात, म्हणून दोन शब्द. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच मेसेज पोचतो. ग्रुप काढला तर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. अनोळखी चाहत्यांच्या बाबतीत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हा धोका पत्करू नका. चॅनेलवर नंबर दिसत नाहीत, पण तिथला संवाद एकतर्फी. जवळच्या पन्नास माणसांसाठी ब्रॉडकास्ट उत्तम आहे, त्यापुढे ईमेलच. ईमेलसाठी स्वतःचं डोमेन घ्या. मेलिंग सेवेतून साध्या जीमेल पत्त्याच्या नावाने घाऊक पत्रं पाठवली तर ती स्पॅममध्ये जातात. २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबतचे नियम बरेच आवळलेत. नाव काढून घ्यायची लिंक प्रत्येक पत्रात ठेवा, आणि कोणी नाव काढलं तर मनाला लावून घेऊ नका.

पत्रात लिहायचं काय? इथे बहुतेकांची लेखणी सरकारी होते. 'आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की आमचे बहुप्रतीक्षित गीत...' बहुप्रतीक्षित कोणासाठी? त्यापेक्षा असं लिहा:

'नमस्कार, शुक्रवारी नवं गाणं येतंय. दुसऱ्या कडव्याच्या मागे पाऊस ऐकू येईल. तो नंतर घातलेला नाही, रेकॉर्डिंगच्या वेळी खिडकी उघडी राहिली होती. स्वच्छ रेकॉर्डिंगही करून पाहिलं, पण गाणं कोरडं वाटायला लागलं, म्हणून पाऊस ठेवला. दोन्ही आवृत्त्या खाली जोडल्यात, जगात आज फक्त तुमच्याकडे आहेत. ऐकून सांगाल का, मी बरोबर केलं की नाही? या मेलला सरळ उत्तर द्या, माझ्याकडेच येतं.'

एवढंच. एक गोष्ट, एक लिंक, एक प्रश्न. प्रश्न असा की ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल. चाळीस जणांच्या यादीतून आठ उत्तरं आली तरी तुम्हाला आठ माणसं मिळाली. त्या आठांना नावानिशी उत्तर लिहा. मग एका साध्या तक्त्यात नोंद ठेवा: नाव, गाव, पहिल्यांदा कुठे ऐकलं, काय म्हणाले, काय घेतलं. गावाचा रकाना विशेष महत्त्वाचा. पुढे कार्यक्रम कुठे लावायचा हे त्यावरूनच ठरतं, आणि आयोजकाला 'तुमच्या शहरात माझे साठ लोक आहेत, हे त्यांचं पत्र' असं सांगणाऱ्याशी आयोजक वेगळ्या सुरात बोलतो. पत्र महिन्यातून एकदा पुरे. सांगण्यासारखं नसेल तर त्या महिन्यात पाठवू नका.

एक युक्ती अजून. तुमच्याच वळणाचं गाणाऱ्या दुसऱ्या कलाकाराशी अदलाबदल करा. पत्ते द्यायचे नाहीत, तो लोकांच्या विश्वासाचा भंग आहे. तुम्ही तुमच्या यादीला त्याच्या एका गाण्याबद्दल मनापासून चार ओळी लिहा, तो तुमच्याबद्दल लिहील. जाहिरातीपेक्षा कितीतरी चांगले श्रोते यातून येतात, आणि खर्च शून्य.

आता रिलीजचं वेळापत्रक. तुम्ही गाणं मिक्स झाल्या झाल्या दोन दिवसांत प्रदर्शित करत असाल अशी मला दाट शंका आहे. निदान चार आठवडे आधी डिस्ट्रिब्यूटरकडे द्या. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे गाणं पाठवता येतं, त्यासाठी ते प्रदर्शित झालेलं नसावं लागतं. निदान ७ दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या त्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) जाण्याची खात्री असते. संपादकांनी घेतलं नाही तरी हा फायदा कुठे जात नाही. संपादकांसाठी मजकूर लिहिताना भावना नको, माहिती द्या: कोणती वाद्यं, कोणता मूड, कोणत्या प्रसंगी ऐकलं जाईल, तुम्ही स्वतः प्रचाराचं काय करणार आहात. मजकुराला ५०० अक्षरांची मर्यादा आहे.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, गीतकार-संगीतकारांची नावं पूर्ण भरा. तुमच्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर गाणं त्याच्या प्रोफाइलवर जाऊन पडतं आणि ते परत आणण्यात रिलीजचा आठवडा निघून जातो. गीत-संगीताच्या हक्कांची रॉयल्टी रेकॉर्डिंगपेक्षा वेगळी असते आणि ती डिस्ट्रिब्यूटर सहसा गोळा करत नाही, त्यासाठी आपल्या देशातल्या हक्क संस्थेकडे नोंदणी करा. विकत घेतलेला बीट किंवा लूप इतरांनीही वापरलेला असेल, तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं शोधणाऱ्या यंत्रणेत, ते गाणं घालू नका. नाहीतर तुमच्या नावाने परक्यांच्या व्हिडिओंवर दावे लागतील आणि त्यांच्या शिव्या तुम्हाला खाव्या लागतील.

रिलीजच्या दिवशी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: पोस्टर, लिंक, 'लव्ह अँड सपोर्ट'. तिसऱ्या दिवशी कलाकार थकतो आणि गाणं अनाथ होतं. ज्याने ते ऐकलंच नाही त्याच्यासाठी गाणं अजून नवंच असतं. सहा ते आठ आठवडे एकाच गाण्यावर काम करा. त्या काळात एकदा शब्दांचा व्हिडिओ, एकदा नुसत्या गिटारवर, एकदा गाण्यातल्या अवघड जागेची उकल, एकदा एखाद्या श्रोत्याने गायलेली आवृत्ती. शेवटची सर्वांत मोलाची, कारण ती त्याचे पन्नास मित्र बघतात. त्यासाठी कॉर्ड आणि कराओके ट्रॅक मोकळेपणाने देऊन टाका. पुढच्या गाण्याच्या वेळी एक सोय वापरा: नवं गाणं पहिलं आणि जुनं दुसरं असं एकत्र रिलीज करा, जुन्याचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच ठेवून. जुने प्ले कायम राहतात आणि नवं गाणं संपलं की आपोआप तुमचंच जुनं सुरू होतं.

रोजची रील बंद करा. उबग आलेला माणूस कॅमेऱ्यात दिसतो. आठवड्याला दोन पुरे, आणि त्या महिन्यातल्या एका दिवशी बसून एकदम करून ठेवा. सुरुवात गाण्याच्या सर्वांत धारदार ओळीवर करा. 'नमस्कार मित्रांनो, आज मी तुमच्यासाठी' यात बघणारा निघून जातो. एक ठरावीक ढंग निवडून तोच पुन्हा पुन्हा करा, तुम्हाला कंटाळा येईल तेव्हा कुठे लोकांच्या तो लक्षात यायला लागलेला असतो. आवाज कॅमेऱ्यातून न घेता प्लॅटफॉर्मवरचा तुमचाच अधिकृत ऑडिओ जोडा, म्हणजे दुसऱ्या कोणी तो वापरला तर धागा तुमच्यापर्यंत येतो. कॉमेंटला दिलेलं हृदयाचं चिन्ह हे उत्तर नव्हे, दोन शब्द लिहा.

तुमचा दुसरा प्रश्न, जाहिराती. करा, पण यादीचं पान तयार झाल्यावर, आणि आधीच न ढकलता चाललेल्या क्लिपवर. पडलेल्या क्लिपवर पैसे ओतून ती उठत नाही. 'बूस्ट'चं निळं बटण टाळा. ते लाइक आणून देतं आणि लाइक कुठे भरता येत नाही. जाहिरात व्यवस्थापकातून रीतसर मोहीम लावा आणि एका क्लिकला किती पडले हे न पाहता एका नव्या ईमेलला किंवा एका सेव्हला किती पडले ते पाहा. रक्कम अशी ठेवा की गेली तरी झोप उडणार नाही. स्पॉटिफायच्या डिस्कव्हरी मोडबद्दलही, म्हणजे निवडलेल्या गाण्याची शिफारस वाढवणाऱ्या सोयीबद्दलही विचारणा होते. त्यात आगाऊ पैसे नाहीत, पण त्या मार्गाने आलेल्या स्ट्रीमच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. ज्याचं गाणं आधीच लोक सेव्ह करताहेत त्याला त्याचा उपयोग आहे. तुम्ही इतक्यात त्याच्या नादी लागू नका.

विक्रीचा संकोच सोडा. श्रोत्यांना तुम्हाला काहीतरी द्यायचं असतं आणि तुम्ही पेटी पुढे करतच नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? २००८ मध्ये सुरू झालेलं बँडकॅम्प, कलाकारांनी थेट श्रोत्यांना विकण्याची वेबसाइट, डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के ठेवतं, बाकी पेमेंटचा खर्च वजा होऊन तुमचं, आणि घेणाऱ्याने ठरवलं तर तो ठेवलेल्या किमतीपेक्षा जास्तही देऊ शकतो. मुख्य म्हणजे घेणाऱ्याचा ईमेल तुम्हाला मिळतो. मार्च २०२० पासून ते काही ठरावीक शुक्रवारी आपला हिस्सा सोडतात, नव्या विक्रीसाठी तो दिवस पकडा. टी-शर्टांचा ढीग छापू नका, आकारांच्या गोंधळात तो माळ्यावर जातो. हाताने लिहिलेले गाण्याचे शब्द आणि सही, वीसच प्रती, असं काही आधी करून पाहा.

पेट्रिऑनसारख्या सेवेवरची मासिक वर्गणी मात्र जपून. ती सेवा २०१३ मध्ये ज्यांनी सुरू केली त्यांतले जॅक काँटे स्वतः संगीतकार, त्यामुळे कल्पना कलाकाराच्या गरजेतूनच आलेली आहे. पण दर महिन्याला देणं लागणं हे ओझं आहे. चार गाण्यांच्या शिलकीवर ते घेतलं तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही लोकांना टाळायला लागाल. लोक आपणहून 'तुम्हाला महिन्याला काही देता येईल का' असं विचारू लागले की मग काढा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपचंही तसंच. वीस माणसांत अकरा चॅनेल काढले की प्रत्येक खोली ओसाड दिसते आणि नवा आलेला मागच्या मागे फिरतो.

चाहत्यांच्या जवळिकीला एक काठ हवा, हेही सांगून ठेवतो. रात्री दीडला आलेल्या मेसेजला लगेच उत्तर दिलंत की तीच तुमची कामाची वेळ ठरते. उत्तरं ठरलेल्या वेळी द्या, घरचा पत्ता आणि खासगी नंबर कोणाला देऊ नका, आणि एखादा फारच चिकटला तर त्याला काम द्या: कार्यक्रमात यादीचा कागद सांभाळणं, शब्दांचं प्रूफ वाचणं. खरा चाहता खुलतो. ज्याला कामापेक्षा तुमचा वेळच हवा असतो, तो आपोआप गळतो.

राहिला डिस्ट्रिब्यूटर. बदलून प्ले वाढणार नाहीत. त्यांचं काम पोचवण्याचं आहे, ऐकवण्याचं नाही. बदलण्यासारखी कारणं तीनच: वार्षिक फी भरली नाही तर गाणी उतरवतात, पैसे काढण्याची किमान मर्यादा फार वर आहे, किंवा तक्रारीला माणूस उत्तर देत नाही. यातलं काही असेल तर जरूर बदला, पण क्रम सांभाळा. आधी जुन्या खात्यातून प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी आणि रिलीजचा यूपीसी क्रमांक (अख्ख्या रिलीजचा ओळख क्रमांक) उतरवून घ्या. नव्या ठिकाणी तेच क्रमांक, तीच ऑडिओ फाइल आणि अक्षरन् अक्षर तीच नावं भरून गाणी चढवा. ती सगळीकडे दिसू लागली आणि जुने प्ले जोडले गेले, याची खात्री करा. मगच जुन्या ठिकाणाहून उतरवा. आणि उतरवण्याआधी तिथे अडकलेली शिल्लक काढून घ्या, खातं बंद झाल्यावर ती मिळवणं महाकठीण असतं.